शेजारचं वायफाय, दारात पोलीस

२६ जुलै २००८, शनिवारची संध्याकाळ. अहमदाबादेत साधारण सव्वा तासात वीसहून अधिक स्फोट झाले. ५६ माणसं मेली, दोनशेहून अधिक जखमी झाली. पहिला स्फोट होण्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांकडे ‘इंडियन मुजाहिदीन’च्या नावाने एक ईमेल येऊन पडला होता. हिंमत असेल तर रोखून दाखवा, असा त्याचा सूर. हा ईमेल निघाला कुठून, याचा माग काढत तपास यंत्रणा येऊन थांबली ती नवी मुंबईत, सानपाड्याला.

सानपाड्यातल्या एका उंच इमारतीत एक अमेरिकन नागरिक कुटुंबासह राहत होता. ईमेल त्याच्या घरच्या इंटरनेट कनेक्शनवरून गेला होता, यात वाद नव्हता. महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने, म्हणजे एटीएसने, त्याचे संगणक तपासायला घेतले, त्याची कसून चौकशी केली, पॉलिग्राफ चाचणीही झाली. ऑगस्टमध्ये, लुकआउट नोटीस निघालेली असताना, तो विमानाने मायदेशी निघून गेला आणि त्यावरून बराच गदारोळ झाला. पुढे तपास वेगळ्याच लोकांपर्यंत पोहोचला. त्या घरातलं वायफाय पासवर्डशिवाय होतं आणि ते पकडून तिसऱ्याच कोणीतरी ईमेल पाठवला होता, असं तपासातून पुढे आलं.

त्या वेळी वर्तमानपत्रांत ‘हॅकिंग’ हा शब्द सगळीकडे वापरला गेला. खरं तर इथे काहीच फोडावं लागलं नव्हतं. लॅपटॉप उघडायचा, यादीत ज्या नावापुढे कुलपाचं चिन्ह नाही त्यावर टिचकी मारायची, झालं. हे काम आठवीतला मुलगाही करू शकला असता, आणि त्या काळात कित्येक आठवीतली मुलं ते करतही होती. शेजारच्या काकांचं नेट ‘येतंय’ म्हटल्यावर आपलं कशाला घ्या, असा तो जमाना होता.

पोलीस थेट त्या फ्लॅटपर्यंत कसे पोहोचले आणि पोहोचूनही चुकीच्या माणसासमोर कसे उभे राहिले, हे समजून घेतलं तर बाकीचं सगळं आपोआप उलगडतं.

इंटरनेटवर कुठलीही देवाणघेवाण करायची तर एक पत्ता लागतो. त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. घरच्या वायफायवर असताना हा पत्ता सहसा तुमच्या मोबाइलला किंवा लॅपटॉपला कंपनीकडून थेट मिळत नाही, तो मिळतो तुमच्या घरातल्या राउटरला. घरात फोन, टीव्ही, लॅपटॉप, मुलीचा टॅब अशी दहा यंत्रं असली तरी बाहेरच्या जगाला त्या सगळ्यांचा मिळून तो एकच पत्ता दिसतो. आत राउटर प्रत्येकाला खासगी क्रमांक वाटतो, बहुतेक घरांत १९२.१६८ ने सुरू होणारे. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक निरोपावर तो स्वतःचा पत्ता चिकटवतो आणि आलेलं उत्तर ज्याचं त्याला पोहोचवतो. ईमेल सेवा देणाऱ्या कंपनीच्या नोंदीत म्हणून पडतो तो फक्त बाहेरचा पत्ता आणि वेळ.

पोलीस आधी ईमेल कंपनीकडून हा पत्ता मिळवतात. तो कुठल्या इंटरनेट कंपनीच्या ताब्यातला आहे हे जाहीर नोंदींवरून कळतं. मग त्या कंपनीला विचारतात, अमुक दिवशी, अमुक वाजून अमुक मिनिटांनी हा पत्ता कोणत्या ग्राहकाला दिलेला होता? वेळ इथे फार महत्त्वाची, कारण घरगुती कनेक्शनचे पत्ते बदलत राहतात. परदेशी सर्व्हरची नोंद अनेकदा ग्रीनिच वेळेत असते, तिच्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. ही बेरीज चुकली तर पोलीस भलत्याच घराची बेल वाजवणार. सगळं बरोबर जुळलं की कंपनी ग्राहकाचं नाव, बिलाचा पत्ता आणि फोन नंबर देते. माग इथे संपतो. कनेक्शन कोणाचं हे कळतं. त्या मिनिटाला बोटं कोणाची चालत होती, हे या साखळीत कुठेच लिहिलेलं नसतं.

त्या पलीकडचा पुरावा असलाच तर राउटरच्या पोटात असतो. ब्राउझरमध्ये राउटरचा खासगी पत्ता टाकून आत शिरलं की जोडलेल्या यंत्रांची यादी दिसते. कुठे फोनचं मॉडेल, कुठे कोणीतरी हौसेने दिलेलं नाव, आणि प्रत्येकापुढे बारा अंकाक्षरांचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या यंत्राच्या रेडिओचा अनुक्रमांक. आपल्या घरची यंत्रं मोजून झाल्यावरही यादीत एक नाव उरलं, तर ते बाहेरचं. पण मॅक ॲड्रेस राउटरच्या पुढे प्रवास करत नाही, त्यामुळे ईमेल कंपनीला तो कधीच कळत नाही. शिवाय तो बदलता येतो. आजचे फोन तर गोपनीयतेसाठी स्वतःच खोटा मॅक पुढे करतात. घरगुती राउटरची स्मरणशक्ती बेताची, वीज गेली की बऱ्याच राउटरमधली ही यादी पुसली जाते. पोलीस दारात येईपर्यंत तिच्यात काही उरलेलं असेल, याचा भरवसा नाही.

आता प्रश्न असा की सानपाडाच का? त्याचं उत्तर याच गटाच्या त्याआधीच्या ईमेलमध्ये आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये उत्तर प्रदेशातल्या न्यायालयांच्या आवारात स्फोट झाले आणि मे २००८ मध्ये जयपूरला, तेव्हाचे ईमेल दिल्ली परिसरातल्या सायबर कॅफेंमधून गेले होते. कॅफेत मालक असतो, शेजारी बसलेलं गिऱ्हाईक असतं, नोंदवही असते, ओळखपत्र मागायला सुरुवात झालेली असते. कोणाला तरी चेहरा आठवतोच. उघड्या वायफायला तोंड दाखवावं लागत नाही. रेडिओलहरी भिंती ओलांडून जिन्यात, पार्किंगमध्ये, रस्त्यावर उभ्या गाडीपर्यंत येतात. ऑक्टोबर २००८ मध्ये मुंबई गुन्हे शाखेने काही जणांना अटक केली, त्यात पुण्यात संगणक क्षेत्रात चांगल्या पगारावर काम करणारेही होते. ही मंडळी उघडी नेटवर्क शोधत फिरत होती, असं पोलिसांचं म्हणणं होतं.

सानपाड्यानंतर महिनाभरात, २३ ऑगस्टला, पुढचा ईमेल माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या नेटवर्कवरून गेला. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले तेव्हाचा चेंबूरमधल्या एका खासगी कंपनीच्या वायफायवरून. घर, कॉलेज, कार्यालय. तिन्ही ठिकाणच्या माणसांचा त्या कटाशी काडीचा संबंध नव्हता, आणि तिन्ही ठिकाणी पोलीस गेले.

त्या काळी इतकी नेटवर्कं उघडी का पडलेली असत, याला कारणं होती. वायफाय ज्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतं तो पट्टा २००५ मध्ये भारतात परवानामुक्त झाला. त्याच सुमारास घरोघरी ब्रॉडबँड येऊ लागलं. राउटर दुकानातून आणायचा, मुंबईकर बहुधा लॅमिंग्टन रोडवरून आणत, आणि स्वतःच जोडायचा. डब्यातून निघालेला राउटर उघडाच असे. पासवर्ड लावायचा तर माहितीपत्रकाचं सतरावं पान वाचावं लागे, आणि ते वाचतं कोण? नेट चालू झालं की डबा माळ्यावर. शिवाय नवी मुंबईची रचनाही पाहा. सिडकोने आखलेले सेक्टर, त्यात चिकटून उभ्या सोसायट्या, एका मजल्यावर चार ते सहा दारं, खाली स्टिल्ट पार्किंग. एका फ्लॅटच्या राउटरच्या टप्प्यात वरखाली, डावीउजवीकडे मिळून वीसेक घरं सहज येतात.

ज्यांनी कुलूप लावलं होतं त्यांचंही सगळ्यांचं कामाचं नव्हतं. तेव्हा वेप नावाची जुनी पद्धत सर्रास वापरात होती. तिच्यातली खोट २००१ मध्येच संशोधकांनी दाखवून दिली होती आणि २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाट इथल्या संशोधकांनी तिची किल्ली एका मिनिटाच्या आत काढून दाखवली. तिच्या जागी आलेली डब्ल्यूपीए-२ पद्धत २००४ पासून उपलब्ध होती, पण राउटरच्या मेनूत पहिलं नाव वेपचं असे आणि लोक पहिल्यावरच थांबत.

सरकार हललं, पण हलल्याचा उपयोग किती झाला याचा किस्सा ऐकण्यासारखा आहे. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी लॅपटॉप घेऊन रस्त्यावर उतरायचं आणि उघडी वायफाय शोधायची मोहीम जाहीर केली. सापडलं की मालकाला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ खाली नोटीस, कनेक्शन बंदिस्त करा म्हणून. हे कलम गुन्हा घडण्याआधी तो रोखण्याचा अधिकार पोलिसांना देतं. आता नव्या संहितेत ते १६८ झालं आहे. २३ फेब्रुवारी २००९ ला दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना आदेश काढला की वायफाय वापरणाऱ्या ग्राहकाची नोंद ठेवा, त्याची ओळख पटवूनच त्याला जोडा. ७ डिसेंबर २०१० ला वाराणसीच्या घाटावर गंगा आरतीच्या वेळी स्फोट झाला. जबाबदारी घेणारा ईमेल निघाला तो वाशीहून! हार्बर मार्गावर सानपाड्याचं अलीकडचं स्टेशन. पुन्हा एका घरातलं वायफाय, पुन्हा पासवर्ड नाही, पुन्हा कनेक्शनवाल्यांची चौकशी. अडीच वर्षांपूर्वी शेजारच्या उपनगरात इतकं रामायण घडूनही.

माझ्या मते दोष आदेशाच्या रोखात होता. तो गेला कंपन्यांकडे, आणि राउटर होता ग्राहकाने स्वतःच्या पैशाने विकत आणलेला. कंपनीच्या कागदावर ग्राहकाची ओळख पटलेलीच होती. हवेत काय पसरलंय ते कंपनीला दिसत नव्हतं आणि पोलिसांच्या लॅपटॉपवाल्या पथकांना शहरभर फिरणं शक्य नव्हतं. खरी सुधारणा झाली ती पुढे, कंपन्या स्वतःच पासवर्ड लावलेला राउटर घरी बसवून देऊ लागल्या तेव्हा.

कायद्याचं काय? माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या किंवा ताबा असणाऱ्याच्या परवानगीशिवाय त्याच्या संगणकात वा नेटवर्कमध्ये शिरणं चूक आहे आणि त्याबद्दल भरपाई मागता येते. तेच काम अप्रामाणिक किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं तर कलम ६६ लागतं: ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा ‘परवानगी’ विचारतो, ‘कुलूप होतं का’ असं विचारत नाही. उघडं दिसलं म्हणून घेतलं, हा बचाव शब्दशः पाहिला तर टिकणारा नाही. उलट बाजूला, आपलं वायफाय उघडं ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा नाही. पण चौकशीला सामोरं जाणं, लॅपटॉप आणि फोन महिनोन्‌महिने न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पडून राहणं, सोसायटीत कुजबूज होणं, या शिक्षा कुठल्याच कलमात लिहिलेल्या नसतात आणि त्या निर्दोष माणसालाच भोगाव्या लागतात.

इतर देशांत नुसत्या फुकट वापरावरही खटले झाले आहेत. लंडनमध्ये २००५ साली शेजाऱ्यापाजाऱ्यांचं वायफाय वापरणाऱ्या एकाला ५०० पौंड दंड झाला. अमेरिकेत मिशिगन राज्यात २००७ मध्ये एक गृहस्थ कॉफीच्या दुकानाबाहेर गाडीत बसून रोज दुकानाचं नेट वापरत. त्यांना ४०० डॉलर दंड आणि ४० तास समाजसेवा. कॉफी घेतली असती तर स्वस्तात पडलं असतं. सिंगापूरमध्ये एका सतरा वर्षांच्या मुलाला जानेवारी २००७ मध्ये १८ महिने देखरेखीखाली राहण्याची शिक्षा सुनावली गेली. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मे २०१० मध्ये उलट बाजूने विचार केला: वायफाय नीट बंदिस्त न ठेवणाऱ्या मालकावरही काही जबाबदारी येते, आणि त्याच्याकडून कायदेशीर नोटिशीच्या खर्चापोटी १०० युरोपर्यंत वसूल करता येतील, असं तेव्हा ठरलं.

दुसरी बाजूही आहे आणि ती खुळचट नाही. संगणक सुरक्षेतलं जगन्मान्य नाव असलेले ब्रूस श्नायर यांनी २००८ च्या जानेवारीत उघडपणे लिहिलं होतं की माझ्या घरचं वायफाय मी उघडं ठेवतो. पाहुण्याला चहा विचारावा तसा तो साधा शिष्टाचार आहे, आणि माझे संगणक मी वेगळे सुरक्षित ठेवतो. तत्त्व म्हणून ते मला पटतंही. पण त्यांचा युक्तिवाद ज्या घरासाठी आहे तिथे पोलीस चौकशीला आले तर वकिलाला फोन लावायची सवय आणि ऐपत दोन्ही असतात. सानपाड्यात भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाला तो शिष्टाचार परवडत नाही, हे सहा महिन्यांतच दिसलं.

फुकट वापरणाऱ्यालाही एक धोका असतो, त्याची चर्चा कमी होते. उघड्या नेटवर्कवरची वाहतूक हवेत जशीच्या तशी जाते. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये फायरशीप नावाची छोटी सोय निघाली. ती ब्राउझरला जोडली की त्याच वायफायवरच्या इतरांची फेसबुक खाती एका टिचकीसरशी उघडत. त्या धक्क्याने मोठ्या वेबसाइट सरसकट सांकेतिक जोडणीकडे, म्हणजे पत्त्याच्या पट्टीतल्या ‘एचटीटीपीएस’कडे वळल्या. आज त्यामुळे बरंच संरक्षण आहे. तरीही नेटवर्क ज्याच्या हातात, त्याला तुम्ही कोणत्या साइटवर जाता हे बऱ्याच अंशी दिसतं, आणि खोट्या पानावर वळवण्याचा प्रयत्नही तो करू शकतो. रेल्वे स्थानकाच्या नावाशी मिळतंजुळतं उघडं वायफाय दिसलं तर ते कोणी मुद्दामही मांडलेलं असू शकतं.

आता सरसकट उघडी वायफाय क्वचित दिसतात. भोक दुसरीकडे पडलं आहे. जोडणी करायला आलेला मुलगा विचारतो, ‘काका, पासवर्ड काय ठेवू?’ आणि उत्तराची वाट न पाहता तुमचा मोबाइल नंबर टाकून मोकळा होतो. नेटवर्कचं नाव फ्लॅट नंबर किंवा आडनाव. नंबर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांना दिसतोच. दिसत नसला तरी हिशोब सोपा आहे: भारतातले मोबाइल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे शक्यता जास्तीत जास्त ४०० कोटी. आकडा मोठा वाटतो. पण तुमचा फोन राउटरला जोडताना होणारी सुरुवातीची देवाणघेवाण कोणी टिपून घेतली, तर चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकाला त्या सगळ्या शक्यता तपासून पाहणं हे काही तासांचं काम. चार असंबद्ध मराठी शब्द रोमन लिपीत जोडून लिहिलेला लांबलचक पासवर्ड याहून कितीतरी भक्कम, आणि लक्षात ठेवायलाही सोपा.

दुसरं भोक डब्ल्यूपीएसचं. राउटरवरचं बटण दाबून किंवा आठ आकडी पिन देऊन यंत्र जोडायची ही सोय. हा पिन राउटर दोन तुकड्यांत तपासतो, शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा, त्यामुळे दहा कोटींऐवजी फक्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो, हे डिसेंबर २०११ मध्ये उघड झालं. जुना राउटर असेल तर ही सोय बंदच करावी. नेटवर्कचं नाव लपवणं, ठरावीक मॅक ॲड्रेसनाच प्रवेश देणं वगैरे तोडग्यांवर मात्र वेळ घालवू नये. जाणकाराला ते क्षणभरही अडवत नाहीत.

मग शेजाऱ्याला वायफाय द्यायचंच नाही का? करोनाच्या काळात शेजारच्या मुलाची ऑनलाइन शाळा चालावी म्हणून असंख्य घरांनी पासवर्ड दिला आणि ते चांगलंच केलं. द्यायचं तर राउटरमधली ‘गेस्ट नेटवर्क’ची सोय वापरावी: वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, तुमच्या घरच्या यंत्रांपर्यंत पोहोच नाही, काम झालं की बंद. दोन फ्लॅट मिळून एक कनेक्शन घेऊन बिल वाटून घेणारे मात्र बहुतेक कंपन्यांच्या अटींचा भंग करत असतात, आणि काही घडलं तर नाव एकाचंच पुढे येतं. फुकट किंवा स्वस्त सार्वजनिक वायफायची गरज खरी आहे, त्यासाठी रीतसर वाटही निघाली आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेत चहाटपरीवालाही परवाना शुल्काशिवाय वायफाय विकू शकतो, वापरणाऱ्याची ओळख मोबाइलवरच्या ओटीपीने नोंदवली जाते आणि टपरीवाल्याच्या नावाला धक्का लागत नाही.

घरच्या राउटरचं काम अर्ध्या तासात उरकतं. पासवर्ड बदला, सुरक्षा डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ वर ठेवा, आणि राउटरच्या आत शिरण्याचा ‘ॲडमिन-ॲडमिन’ हा कारखान्यातला जोडशब्दही बदला. तो बहुतेक विसरतात. सोसायटीचं काम थोडं चिवट आहे. वॉचमनच्या केबिनमधल्या सीसीटीव्हीचं, क्लबहाउसचं वायफाय कोणाच्या नावावर आहे, त्याचा पासवर्ड किती जणांना ठाऊक आहे आणि तो शेवटचा कधी बदलला, हे पुढच्या बैठकीत पार्किंगचा विषय सुरू होण्याआधी सेक्रेटरींना विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.